चॉकलेटी गुलाब नसतो

"माझ्या नजरेतून चूक सुटत नाही," हे वाक्य कानामात्रे दिवसातून निदान तीनदा म्हणायचा. चौथ्यांदा म्हणायची वेळ आलीच, तर समोरचा आधीच मान डोलावून मोकळा व्हायचा.

कानामात्रे हे काही त्याचं आडनाव नव्हे. तो एका साप्ताहिकात मुद्रितशोधक होता, म्हणजे मजकूर छापायला जाण्याआधी त्यातले काने, मात्रा, वेलांट्या जागच्या जागी आहेत ना हे लाल पेनने बघणारा माणूस. खरं आडनाव कचेरीत कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं. एकदा हजेरीपटावरही 'कानामात्रे' असंच छापून आलं. त्याने ते नीट तपासलं, शुद्धलेखनाच्या दृष्टीने बरोबर आहे असं बघितलं आणि सही केली.

घरीही तेच. त्याची बायको सकाळी त्याच्या आधी बाहेर पडायची. जाताना जेवणाच्या टेबलावर चिठ्ठी ठेवायची, 'दुध तापव', 'चावि शेजारी दे', असली. हा गडी उठायचा, चहा करायचा, लाल पेनने 'दुध'चं 'दूध' आणि 'चावि'ची 'चावी' करायचा, आणि मग दूध तापवायचा. संध्याकाळी ती चिठ्ठी बघायची, हसायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच चूक करायची. लग्नाला अकरा वर्षं झाली होती. लग्नानंतरच्या तिच्या पहिल्या वाढदिवसाला त्याने तिला शुद्धलेखनाचा कोश दिला होता. फुलं चार दिवसांत वाळतात, कोश टिकतो, हे त्याचं म्हणणं. कोश टिकला होता खरा. एका खुर्चीचा पाय आखूड होता, त्याखाली अजून होता.

बायको चष्म्याच्या दुकानात नजर तपासायची. हसरी, बोलकी, हाताला यश असलेली. गिऱ्हाईक आत येताना भिंतीला धडकत यायचं आणि जाताना तिला दुवा देत जायचं. कानामात्रेला तिचं कौतुक होतं, आणि त्या कौतुकाच्या पोटात एक भीती होती. ही बाई दिवसभर लोकांना नीट बघायला शिकवते. एखाद्या दिवशी ती घरी येऊन आपल्याकडेच नीट बघेल, आणि मग तिच्या लक्षात येईल की आपण काय पदरात पाडून घेतलंय. ही भीती त्याने कुणाला सांगितली नव्हती. पण ती होती, आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येक उंच पुरुषाबरोबर ती इंचभर वाढायची.

त्यातही एक माणूस त्याच्या डोळ्यांत विशेष सलायचा. काचवाला. दुकानाला चष्म्याच्या काचा पुरवणारा. दंड असे की शर्टाच्या बाह्या रडकुंडीला आलेल्या. येता-जाता शीळ घालायचा आणि तिला 'मॅडम' म्हणायचा. ती त्याच्या विनोदांना हसायची. कानामात्रेच्या विनोदांना ती हसत नव्हती असं नाही, पण ते समजावून सांगावे लागत.

तर, ही सगळी दारू आधीच कोंबून ठेवलेली होती. ठिणगी पडली ती कचेरीत.

साप्ताहिकाच्या पुरवणीचं काम एक बाई बघायच्या. त्यांनी एका पानाच्या तळाला जागा उरली म्हणून एक चौकट केली, 'गुलाबाचे रंग काय सांगतात?' डाव्या बाजूला रंग, उजव्या बाजूला अर्थ, आणि खाली टीप, 'फुलासोबत चिठ्ठी देऊ नये. रंगच बोलतो.' चौकट तपासायला कानामात्रेकडे आली. तिसऱ्या ओळीवर त्याचं पेन थबकलं.

"बाई, चॉकलेटी गुलाब नसतो."

"असतो हो. माझ्या बहिणीकडे आहे."

"तो वाळला असेल."

"वाळला नाही. तसाच येतो तो."

"बाई, अकरा वर्षं मी इथे आहे. माझ्या नजरेतून..."

"बरं, काढा," बाई म्हणाल्या. त्यांना आणखी दोन पानं लावायची होती.

त्याने 'चॉकलेटी' या शब्दावर लाल काट मारली. त्याच्यासमोर 'कृतज्ञता' असा अर्थ होता. तोही काढायला हवा होता, पण तो शब्द अगदी शुद्ध लिहिलेला होता. बहुतेक लोक कृतज्ञतेची कृतघ्नता करून ठेवतात. ज्ञ जागच्या जागी बघून त्याला इतकं बरं वाटलं की त्याने त्यावर बरोबरची खूण केली आणि पुढे गेला. संध्याकाळी दुरुस्त केलेलं पान पुन्हा आलं. एवढीशी चौकट, तिच्यात काय बघायचं, असं म्हणून त्याने सही ठोकली.

आणि एक गोष्ट सांगून ठेवायला हवी. छापून आलेला अंक कानामात्रे कधीच उघडत नसे. आपण तपासलेल्या अंकात चूक दिसली तर ती दुरुस्त करता येत नाही, आणि मग त्याला रात्री ताप भरायचा. त्यामुळे तपासताना जे वाचलं तेच त्याच्या डोक्यात पक्कं बसायचं. तो गुलाबांचा तक्ताही बसला. अगदी पाढ्यासारखा.

पुढच्या सोमवारी बायको घरी आली ती हातात नारिंगी गुलाब घेऊन.

"कुणी दिला?" कानामात्रेने वर्तमानपत्रामागून विचारलं.

"काय माहीत. फुलवाली दुकानात देऊन गेली. नाव नाही, चिठ्ठी नाही."

चिठ्ठी नाही म्हटल्यावर कानामात्रेचे कान उभे राहिले. म्हणजे देणाऱ्याला नियम माहीत होता. त्याने डोक्यातला तक्ता उघडला. नारिंगी, चौथी ओळ, तीव्र ओढ.

"किती गोड रंग आहे ना?" ती म्हणाली.

"भडक आहे."

"कुणीतरी गिऱ्हाईक असेल रे. चष्मा नीट लागला की लोकांना आनंद होतो."

तिने तो गुलाब काचेच्या पेल्यात घातला आणि टेबलाच्या बरोबर मधोमध ठेवला. त्या रात्री कानामात्रे जेवला तो तीव्र ओढीच्या समोर बसून. ती मात्र गुणगुणत दुसऱ्यांदा वाढून घेत होती, आणि गुणगुणताना मधूनच फुलाकडे बघत होती. तसं तिने कोशाकडे कधी बघितलं नव्हतं.

बुधवारी जांभळा आला. कानामात्रेच्या तोंडचं पाणी पळालं. जांभळा म्हणजे सहावी ओळ, पहिल्याच भेटीत जडलेलं प्रेम. आधी ओढ, मग प्रेम. माणूस पायरी पायरीने वर चढत होता.

"हाही नावाशिवाय?"

"हो ना. गंमतच आहे."

"गंमत काय त्यात?"

"अरे, मला आठवड्यात दोन फुलं आली. अकरा वर्षांत ही पहिलीच. गंमत नाही तर काय?"

हे तिने सहज म्हटलं होतं. पण कानामात्रेला ते सहज ऐकू आलं नाही. रात्रभर तो कुशीवरून कुशीवर होत राहिला आणि शेवटी पहाटे त्याने ठरवलं. स्वतः जाऊन बघायचं.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत तो दुकानात हजर झाला.

"तू? इथे?" बायकोने विचारलं.

"नजर तपासायची आहे."

"तुझी? तुझ्या नजरेतून तर म्हणे..."

"तरीही."

तिने त्याला खुर्चीत बसवलं, नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली आणि एक डोळा झाकला. तेवढ्यात शीळ ऐकू आली. खोक्यांची चळत घेऊन काचवाला आत आला होता.

"काय मॅडम, आज गर्दी?"

"गर्दी कसली, घरचंच गिऱ्हाईक आहे," ती म्हणाली आणि काचवाला मोकळेपणाने हसला. कानामात्रेने झाकलेल्या डोळ्याच्या कडेने त्याच्याकडे बघायचा प्रयत्न केला. फ्रेम नाकावरून घसरली.

"समोर बघ. तिसरी ओळ वाच."

"क, म, ट... हा 'ट' नीट छापलेला नाही."

"नीट छापलाय. पुढे."

"याची दांडी तुटली आहे."

"अरे, तुला दांडी दिसतेय म्हणजे नंबर नाही. आता सांग, हे चांगलं दिसतं की हे?" तिने काच बदलली.

त्या काचेतून काचवाला दुप्पट मोठा दिसत होता. "हे अजिबात चांगलं दिसत नाही," कानामात्रे म्हणाला, आणि ते मनापासून होतं.

काउंटरवर जांभळ्या गुलाबाची एक गळलेली पाकळी पडली होती. काचवाल्याने ती बघितली आणि लागोपाठ चार शिंका दिल्या.

"फुलं जवळ आली की माझं हे असं होतं," तो नाक पुसत म्हणाला.

वा रे वा, कानामात्रे मनात म्हणाला. शिंकांचं सोंग. म्हणजे कुणाला संशयच यायला नको. दुकानाबाहेर पडेपर्यंत त्याची खात्री झाली होती.

तो तडक कोपऱ्यावरच्या फुलवालीकडे गेला. ती देठ छाटत बसली होती.

"चष्म्याच्या दुकानात गुलाब कोण पाठवतं?"

"नाव सांगायचं नाही असं गिऱ्हाइकाने सांगितलंय."

"पण मी तिचा नवरा आहे."

"मग तर अजिबातच सांगणार नाही."

"बरं, त्या माणसाला उत्तर पोहोचवाल?"

"ते पोहोचवीन. फुलं पोहोचवते मी, नावं नाही."

त्याने सगळे डबे न्याहाळले. पिवळा, सातवी ओळ, निरोप, यापुढे भेट नको. त्याने एक पिवळा गुलाब निवडला. टपोरा, ताठ देठाचा. लग्नानंतर त्याने विकत घेतलेलं हे पहिलं फूल, पण ते त्या क्षणी त्याच्या लक्षात आलं नाही.

"चष्म्याच्या दुकानातून आलाय म्हणून सांगा."

"चिठ्ठी?"

"नको. समजणाऱ्याला समजतं."

परत जाताना त्याची छाती दोन इंच फुगली होती. भांडण नाही, तंटा नाही. एका फुलात काचवाल्याचा काटा काढला. कचेरीत त्याने त्या दुपारी सात चुका पकडल्या आणि त्यातल्या दोन तर चुकाच नव्हत्या.

शुक्रवारी बायको आली, हातात दोन गुलाब. दोन्ही जांभळे.

कानामात्रे खुर्चीत बसला. बसला म्हणजे खाली खुर्ची होती म्हणून बसला. भेट नको म्हणून कळवलं, तर हा मनुष्य दुप्पट प्रेम पाठवतो. निर्लज्जपणाला काही सीमा?

"अरे, काय झालं? चेहरा का असा?" बायकोने विचारलं.

"काही नाही. काचवाला आला होता आज?"

"हो. खूष होता. का?"

"सहज."

खूष होता. कानामात्रेच्या अंगाची लाही लाही झाली. शनिवारी कचेरीला जाण्याआधीच तो फुलवालीपुढे उभा राहिला.

"पिवळे. डझनभर. त्याच पत्त्यावर."

फुलवालीने त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं. "फारच आहे वाटतं."

"काय?"

"जे काय असेल ते," ती म्हणाली आणि बारा पिवळे गुलाब बांधायला घेतले.

रविवारी दहाच्या सुमाराला दाराची घंटा वाजली. बायकोने दार उघडलं. दारात एक वयस्कर गृहस्थ उभे होते. कडक इस्त्रीचा कोट, हातात काठी, नाकावर नवाकोरा चष्मा. त्यांच्यामागे पन्नाशीची एक बाई तोंड घट्ट मिटून उभी होती आणि तिच्या हातात कापडी पिशवी होती.

"अय्या, सर तुम्ही?" बायको म्हणाली. "या ना, या. चष्मा नीट बसतोय ना?"

हे निवृत्त मुख्याध्यापक होते. तीन दुकानांत तीन चष्मे करूनही त्यांना वाचता येत नव्हतं. त्यांचा एक कान दुसऱ्यापेक्षा बोटभर खाली होता, त्यामुळे चष्मा तिरका बसायचा, आणि ते पहिल्यांदा कानामात्रेच्या बायकोच्या लक्षात आलं. तिने एक काडी वाकवून दिली आणि सर दोन वर्षांनी पुन्हा वाचायला लागले. हे तिने घरी सांगितलंही होतं. कानामात्रेने तेव्हा फक्त एवढंच विचारलं होतं की गृहस्थ उंच आहेत का.

आता सरांचं वय बघून त्याला हायसं वाटलं. "मी चहा टाकतो," असं म्हणून तो मोठ्या उत्साहाने स्वयंपाकघरात गेला. आधण उकळेपर्यंत बाहेरचं बोलणं कानावर येत होतं.

"बाई," सर खाकरून म्हणाले, "मी चाळीस वर्षं शाळा चालवली. मुलांच्या वह्यांत नको त्या चिठ्ठ्या सापडल्या, तेही प्रेमाने निभावून नेलं. पण माझ्यावर स्वतःवर ही वेळ येईल असं वाटलं नव्हतं."

"काय झालं सर?"

"तुम्ही माझ्या लेकीपेक्षा लहान आहात. शिवाय तुमचे यजमान आत चहा करतायत."

"हो, पण..."

"बाबा, मुद्द्याचं बोला," त्यांची लेक म्हणाली. "मी तर तुमच्या दुकानाच्या मालकांकडेच जाणार होते. बाबाच म्हणाले, त्या बाईंची नोकरी आहे, आधी त्यांच्याशी बोलू." आणि तिने पिशवीतून पिवळ्या गुलाबांचा भला मोठा गुच्छ काढून टेबलावर ठेवला.

"हे मी पाठवलेच नाहीत," बायको म्हणाली.

"चष्म्याच्या दुकानातून आले," लेक म्हणाली. "दार मीच उघडलं होतं."

"तुमच्या भावनांचा अपमान करायचा नाही मला," सर फार हळुवारपणे म्हणाले. "मी आधी नारिंगी पाठवून कृतज्ञता कळवली. मग जांभळा पाठवून आदर कळवला. त्यावर तुमच्याकडून पिवळा आला. मी घाबरलो. म्हणून दोन जांभळे पाठवले, म्हणजे आदर आहे आणि आदरच आहे, असं तुम्हाला समजावं. तर काल एकदम बारा..."

स्वयंपाकघरात चहा उतू जात होता. कानामात्रेला त्याचं भान नव्हतं. आयुष्यभराची सवय त्याच्या नरड्यात येऊन बसली होती. चूक ऐकली की गप्प राहायचं कसं हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. तो हातात गाळणी घेऊन बाहेर आला.

"जांभळा म्हणजे आदर?" तो म्हणाला. "कुणी सांगितलं? जांभळा म्हणजे पहिल्याच भेटीत जडलेलं प्रेम. आदर पांढरा. आणि पिवळा म्हणजे निरोप, यापुढे भेट नको. मी तर अगदी स्पष्ट..."

तो थांबला. पण गाडी पुढे निघून गेली होती.

गाळणीतून चहाचे थेंब फरशीवर पडत होते. बायकोने आधी गुच्छाकडे बघितलं, मग गाळणीकडे, मग नवऱ्याकडे.

"तू तर अगदी स्पष्ट काय?" तिने विचारलं.

त्याने गाळणी या हातातून त्या हातात घेतली. तेव्हा ती पुन्हा म्हणाली, अगदी सावकाश, "अहो, तुम्ही तर अगदी स्पष्ट काय?"

आता इथे एक सांगायला हवं. ती त्याला एरवी 'अरे तुरे' करायची. ती 'अहो' म्हणाली की समजायचं, आभाळ भरून आलं. अकरा वर्षांत ती फक्त दोनदा 'अहो' म्हणाली होती. एकदा त्याने तिच्या आईच्या पत्रातल्या चुका काढून ते परत पाठवलं होतं तेव्हा, आणि दुसऱ्यांदाही आईच्याच पत्रावरून.

सरांनी कोटाच्या खिशातून साप्ताहिकाचा अंक काढला. "हे बघा. नवा चष्मा आला त्या दिवशी मी सगळ्यात आधी हा अंक वाचला. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत. छापलेलं आहे ते चुकीचं कसं असेल?"

कानामात्रेने अंक हातात घेतला. छापलेला अंक हातात घ्यायची त्याची ही कितीतरी वर्षांतली पहिली वेळ. चौकटीखाली सरांनी पट्टी धरून रेघा ओढल्या होत्या. डावीकडून 'चॉकलेटी' गेला होता, पण उजवीकडे त्याची 'कृतज्ञता' तशीच उभी होती. त्यामुळे खालचा प्रत्येक रंग एकेक ओळ वर सरकला होता आणि अर्थ जागीच राहिले होते. नारिंगीपुढे कृतज्ञता. पांढऱ्यापुढे तीव्र ओढ. जांभळ्यापुढे आदर. आणि पिवळ्यापुढे, अगदी ठसठशीत अक्षरात, पहिल्याच भेटीत जडलेलं प्रेम. शेवटचा 'निरोप' उरला होता, त्याला रंगच शिल्लक नव्हता. तेव्हा पान लावणाऱ्याने तो उडवून टाकला होता.

"नकाराचा रंग मी खूप शोधला हो," सर म्हणाले. "तक्त्यात नाहीच."

म्हणजे हिशेब सरळ होता. चुकीचा तक्ता हातात असून सर अगदी बरोबर वागले होते. आणि बरोबर तक्ता पाठ असून कानामात्रेने एका ऐंशी वर्षांच्या मास्तरांना आपल्या बायकोच्या नावाने तेरा वेळा प्रेम कळवलं होतं.

"हे तपासलं कुणी?" सरांनी शाळेतल्या आवाजात विचारलं.

"मी," कानामात्रे म्हणाला. गाळणी अजून त्याच्या हातातच होती.

त्याने सगळं सांगितलं. काचवाला, शिंका, फुलवाली, डझन, सगळं. अर्ध्यावर आल्यावर सरांच्या लेकीच्या खांद्यांना हिसके बसायला लागले. तिने पदर तोंडावर धरला, पण हसू काही आवरेना. सर मात्र हसले नाहीत. उठताना त्यांनी कानामात्रेच्या खांद्यावर हात ठेवला.

"रोज दहा ओळी शुद्धलेखन," ते म्हणाले. "महिनाभर."

"हो सर," कानामात्रे म्हणाला.

दार लागलं. बायको टेबलापाशी बसली आणि एकेक करून पिवळे गुलाब मोजायला लागली.

"बारा," ती म्हणाली. "आणि आधीचा एक. तेरा. अकरा वर्षांत मला एक फूल नाही, आणि सरांना तेरा. मला वाटायचं, तुम्हाला फुलंच आवडत नाहीत. तसं नाही तर. तुम्हाला मास्तर आवडतात."

"मला वाटलं," तो खाली बघत म्हणाला, "तू कुणाकडे तरी नीट बघितलंस. आणि मग माझ्याकडे बघितलंस."

"मी दिवसभर लोकांकडेच बघते. काम आहे ते माझं. आणि तुमच्याकडे रोज बघते. बघूनच राहिलेय इथे. न बघता नाही राहिलेले."

यावर काय बोलावं हे कुठल्याच कोशात नव्हतं. तो फरशी पुसायला लागला.

पुढचे चार दिवस घरात अहो आणि तुम्ही यांचं राज्य होतं. चिठ्ठ्या येत होत्या, पण कशा? 'दूध तापवा.' 'चावी शेजारी द्या.' सगळं बहुवचनी आणि सगळं शुद्ध. दूधचा दू दीर्घ, चावीचा वी दीर्घ. तिला सगळं येत होतं तर. अकरा वर्षं ती ते त्याच्यासाठी चुकवत होती, निदान त्याला तसं वाटलं. तो लाल पेन हातात घेऊन त्या चिठ्ठ्यांपुढे बसून राहायचा आणि त्याला एकही खूण करायला जागा सापडायची नाही. इतकं निर्दोष लिखाण आणि इतका सुनासुना कागद त्याने कधी बघितला नव्हता. कचेरीत त्याने त्या चौकटीची चूकदुरुस्ती लिहून दिली आणि ती चार वेळा तपासली. पुरवणीच्या बाईंनी बहिणीच्या बागेतला एक फोटो त्याच्या टेबलावर ठेवला आणि तो त्याने उलटा करून ठेवला.

चौथ्या दिवशी संध्याकाळी तो फुलवालीपुढे उभा राहिला.

"आज किती? दोन डझन?" तिने विचारलं.

"एक."

"पिवळा?"

"पिवळा नको. लाल नको, जांभळा नको, नारिंगी तर नकोच. ज्याचा काही अर्थच होत नाही असा रंग आहे का?"

फुलवालीने मागच्या डब्यातून एक काढला. तपकिरी, किंचित लालसर, उगाळलेल्या रक्तचंदनासारखा मऊ दिसणारा. कानामात्रेने तो उजेडात धरला. देठ हिरवागार होता. पाकळ्या ताज्या होत्या.

"हा वाळलाय का?"

"वाळलाय कसला. चॉकलेटी आहे. तसाच येतो तो."

कानामात्रेने तो घेतला आणि सबंध रस्ता फुलाला छातीशी धरून, लोकांची नजर चुकवत घरी आला. दारातच तो बायकोच्या हातात दिला. बोलायचं काय ते रस्त्याने पाठ करून ठेवलं होतं, पण ऐन वेळी एवढंच म्हणाला, "हा असतो."

तिने फूल फिरवून बघितलं. हसली नाही. पेल्यात पाणी घेतलं, फूल त्यात घातलं आणि झोपायला गेली.

सकाळी कानामात्रे उठला तेव्हा ती गेलेली होती. चॉकलेटी गुलाब टेबलावर होता आणि पेल्याखाली चिठ्ठी. त्याने ती हळूच ओढून काढली.

'पाणि बदल.'

णि ऱ्हस्व. आणि 'बदला' नव्हे, 'बदल'. काना नाही. घाईत राहिला, की मुद्दाम राहिला? त्याने चिठ्ठी खिडकीजवळ नेली, उलटी करून बघितली, उजेडात धरली. कान्याचा ठिपकासुद्धा नव्हता. सवयीने त्याच्या हाताने लाल पेनचं टोपण काढलं होतं. त्याने ते परत बसवलं, चिठ्ठी घडी घालून खिशात ठेवली आणि पाणी बदललं.

आयुष्यात पहिल्यांदा त्याने एक चूक जशीच्या तशी जाऊ दिली. म्हणजे, बघून जाऊ दिलेली पहिली.